अक्काच्या वावरातली डॉक्टरकी

बसा, चहा टाकलाय. माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं म्हणून तुम्ही मघापासून मला डॉक्टरसाहेब, डॉक्टरसाहेब म्हणताय, ते जरा थांबवा. ती पदवी मला कशी मिळाली हे कळलं, तर तुम्ही मला नुसतं 'अहो' म्हणूनही हाक मारणार नाही.

ही हकिकत मी आजवर पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे. लोक पोट धरून हसतात. मात्र मी दर वेळी ती अर्ध्यावर थांबवतो, माणसं हसत असतात तोवरच. आज पूर्ण सांगतो. माझी फजिती कुठे झाली, ते तुम्हाला पुढचा भाग ऐकल्याशिवाय कळायचं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी जळगावच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. शेजारच्या खोलीत रसायनशास्त्र शिकवणारा माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान माणूस डॉक्टर झाला, आणि त्याच्या बायकोने माझ्या बायकोला पेढे दिले. तेवढं पुरलं. मीही पीएच.डी.ला नाव घातलं. ज्ञानाची तहान वगैरे मला लागलेली नव्हती, हे आताच कबूल करून ठेवतो.

विषय मात्र छान होता हो. तुळशीचं पान चुरगळलं की वास येतो ना? तो पानातल्या एका तेलाचा. उडून जाणारं तेल असतं ते. तुळस खोकल्याला चांगली म्हणतात, तो गुणही बराचसा त्यातलाच. आता दुसरी गोष्ट. झाडाच्या अंगात काही रसायनं असतात, ती झाडाला सांगतात की आता वाढ, आता थांब, आता फुलावर ये. त्यांना संप्रेरकं म्हणतात. त्यातलं एक पांढऱ्या पुडीच्या रूपात विकत मिळतं, जिबरेलिक ॲसिड. ते तुळशीवर फवारलं तर पानातलं तेल वाढेल का? बस, इतकाच प्रश्न. पुढे त्याची दोनशे पानं झाली ती आमच्या विद्यापीठाच्या रीतीप्रमाणे.

माझे गाईड पुण्याचे. माणूस सज्जन, पण शिस्तीचा. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, की मागचे दोन विद्यार्थी मला दोन-दोन वर्षं झुलवून पळाले, तेव्हा पहिल्या हंगामात काही हाती लागलं नाही तर मी तुमचं नाव काढून टाकीन. मी मान डोलावली. त्या दिवसापासून मला झोपेत लाल शाई दिसायला लागली.

आता तुळस लावायची कुठे? कॉलेजच्या बागेत लावली असती, पण ती बाग म्हणजे आजूबाजूच्या शेळ्यांचं कुरण. मग मला अक्काची आठवण झाली. गरज पडली की मला नेहमी अक्काचीच आठवण व्हायची.

अक्का म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. पारोळ्याच्या पुढे, ओढ्याकाठच्या एका लहान गावात दिली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, पण बाई खमकी. स्वतःचं वावर स्वतः कसायची. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. मला मात्र कडेवर बसवून शाळेत पोचवायची, आणि मी रडू नये म्हणून शाळा सुटेपर्यंत बाहेर कडुलिंबाखाली बसून राहायची.

गावात तिच्या शब्दाला वजन होतं. कुणाचा बांधावरून वाद झाला, कुणाची बकरी कुणाच्या कपाशीत शिरली, की माणसं म्हणायची, अक्काला विचारा. कारण अक्का खोटं बोलत नाही. तिने एकदा सख्ख्या दिरांच्या विरुद्ध साक्ष दिली होती. दीर वर्षभर बोलले नाहीत, पण पुढचा वाद झाला तेव्हा तेही तिच्याकडेच आले. हे लक्षात ठेवा.

विहिरीजवळचा अर्ध्या एकराचा तुकडा तिचा लाडका. त्यात ती दर साल मिरची लावायची. म्हटलं, अक्का, या साली मिरची नको, तुळस लाव, माझ्या परीक्षेचा प्रश्न आहे. तिने कशाची परीक्षा म्हणूनसुद्धा विचारलं नाही. एवढंच म्हणाली, की तुळस लावायला कधीपासून परवानगी लागते?

आता माझी तयारी ऐका, कारण इथून माझी हुशारी सुरू होते.

ते औषध मुंबईहून पार्सलने मागवलं. बोटभर कुपी. आमच्या प्रयोगशाळेत बारीक वजनाचा काटा एकच, आणि त्याच्या कपाटाची किल्ली विभागप्रमुखांच्या खिशात. किल्ली मागायची म्हणजे त्यांच्या मुलीच्या लग्नाची सगळी कहाणी पुन्हा ऐकायची. तेव्हा मी ठरवलं, दर वेळी वजन करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं विरघळवून ठेवू. थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवलं, पाणी घातलं आणि मोठी तपकिरी बाटली भरली. तुळशीच्या ज्या सहा ओळींवर फवारायचं, त्यांना दोन हंगाम पुरेल असा हिशेब केला. पुढे वापरताना ते पाण्यात पातळ करून फवारायचं. बाटलीचं बूच जरा ढिलं होतं, म्हणून कुपीबरोबर आलेला इंग्रजी कागद त्याभोवती गुंडाळला आणि घट्ट ठोकून बसवलं. एक थेंब गळेना. मी स्वतःवर फार खूश झालो.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण होता. आमच्याकडे आखाजीला सासरी असलेल्या बहिणीला आणायला भाऊ जातो, मुराळी म्हणून. अक्का चाळिशी कधीच ओलांडून गेली होती, पण मी दर आखाजीला जायचो आणि तिला जळगावला आणायचो. आई-वडील नव्हते, तेव्हा माझं घर हेच तिचं माहेर. चार दिवस राहून ती परत निघाली, तेव्हा पोचवायला मी आणि माझी बाटली दोघं निघालो.

जळगाव, एरंडोल, पारोळा. वैशाखाचं ऊन. यष्टीत पाय ठेवायला जागा नाही. बाटली धक्क्याने फुटेल म्हणून मी कासावीस. शेवटी ड्रायव्हरलाच दया आली. म्हणाला, मास्तर, इथे ठेवा, इंजिनाच्या झाकणावर, इथे धक्का लागत नाही. मी त्याचे दोनदा आभार मानले. पारोळ्याला उतरताना बाटली हातात धरवत नव्हती, उपरण्यात गुंडाळून उतरवली. घरी पोचल्यावर ती पत्र्याच्या खोलीत सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली, कुणाचा हात पोचू नये म्हणून. वर पत्रा, खाली बाटली, मध्ये वीतभर अंतर. हसताय ना? हसा. मलाही तेव्हा कळलं नव्हतं तुम्ही का हसताय ते.

पावसाला सुरुवात झाल्यावर रोपं लावली. बारा ओळी. एक ओळ औषधाची, तिच्या टोकाला लाल चिंधी. शेजारची ओळ नुसत्या पाण्याची, तिला पांढरी चिंधी. असं एकाआड एक. औषधाच्या झाडांची तुलना कुणाशी करणार? म्हणून पाण्याच्या ओळी. शास्त्रात त्यालाच मान. फवारणी दर पंधरा दिवसांनी अक्काने करायची, कारण माझं कॉलेज. तिला तारखा कळत नव्हत्या, म्हणून आम्ही एकादशी धरली. माझ्या प्रबंधात पंधरा दिवसांचं अंतर असं लिहिलंय, ते वाचून विद्वान लोक मान डोलावतात. त्यातली प्रत्येक फवारणी अक्काच्या उपासाच्या दिवशी झालेली आहे.

सगळं समजावून सांगितलं. औषधाचं माप सांगितलं, बुचाची काळजी सांगितली. अक्काने ऐकलं. मग त्या चिंध्यांकडे बघून म्हणाली,

"एकच पंगतमा बसाडेल शेतस, नि आर्ध्यासले वाढानं, आर्ध्यासले नही? हाई पाप शे, भाऊ."

आपल्याकडे पंगतीला बसलेल्यात कमीजास्त वाढणं म्हणजे जेवणाऱ्याला उठवून लावण्याइतकं वाईट. तिच्या डोळ्यांसमोर तुळशी मांडी घालून बसलेल्या, आणि मी तिला सांगतोय की एकीला वाढ आणि तिच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या दुसरीला पाणी दाखव. मी तिला शास्त्र समजावलं. तुकडा मोठा होता म्हणून भाषणही मोठं झालं. शेवटी ती म्हणाली, तू सांगशील तसं करीन. आणि विषय संपला. तिच्याकडून संपला, माझ्या डोक्यात मात्र ते वाक्य चिकटून बसलं.

श्रावणात गेलो तर तुळस गुडघ्याएवढी. भादव्यात मांडीएवढी. गावातली माणसं बांधावर उभी राहून बघत होती. एक आबा म्हणाले की अशी तुळस आपण जन्मात पाहिली नाही. मी लाल चिंधीच्या ओळीत उभा राहून फुशारून सांगितलं, हे औषध मुंबईचं आहे. पांढऱ्या ओळींकडे बघायला मला सवड झाली नाही. अक्काने लावणीआधी त्या तुकड्यात चार गाड्या शेणखत टाकलं होतं, हेही मी विसरलो.

मग कापणी. ती तर तीन दिवस लांबली. मी गेलो त्या दिवशी एकादशी. अक्का म्हणाली, आज तुळशीला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी द्वादशी, त्या दिवशी तर मुळीच नाही. तिसरा दिवस निघाला रविवार. मी, विज्ञानाचा प्राध्यापक, कोयता हातात घेऊन तीन दिवस ओट्यावर शेंगा फोडत बसलो. चौथ्या दिवशी टेप लावून झाडं मोजली.

लाल ओळी आणि पांढऱ्या ओळी, बोटाचाही फरक नाही.

पाला जळगावला नेला, ओळीओळीचा वेगळा उकळून तेल काढलं. काचेच्या नळीत तेलाचे थेंब जमायचे, ते मी डोळा लावून मोजायचो. लाल ओळींचं जेवढं, तेवढंच पांढऱ्या ओळींचं. एक थेंब इकडे की तिकडे नाही.

आणि मग ते वाक्य डोक्यात वाजलं. पंगत. वाढलं हिने, म्हटलं, सगळ्यांना वाढलं. बारा ओळी सारख्या, म्हणजे बाराही ओळींना औषध गेलं. दुसरं काय असणार?

पहिल्या यष्टीने गेलो. अक्काला विचारलं, पांढऱ्या ओळींना औषध टाकलंस का? ती म्हणाली, नाही, तू सांगितलंस तसंच केलं. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं, की मला समजायला हवं होतं. जिने दिरांच्या तोंडावर खरं सांगितलं, ती माझ्यापाशी सहा ओळींसाठी खोटं कशाला बोलेल? पण मला तेव्हा उत्तर हवं होतं, आणि तिच्यावर ढकलता येईल असं ते एकच होतं.

दुसऱ्याच आठवड्यात गाईड सर आले, वावर बघायला. पांढरी टोपी, हातात छत्री. बांधावर गावातली पाच-सहा माणसं जमलेली. सरांनी माझे आकडे पाहिले, खुंट पाहिले, चिंध्या पाहिल्या. मग शांतपणे म्हणाले, "कारण काय? कारण सांगता आलं तर पुढे जाऊ. नाहीतर हे काम इथेच बंद करू."

मी जमिनीकडे बघत उभा. डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू. पस्तिशीचा बाप्या, दोन लेकरांचा बाप, वावरात उभा राहून रडकुंडीला आलो होतो.

अक्का विहिरीवरून सरांसाठी पाण्याची कळशी घेऊन येत होती. शास्त्रातलं तिला काही कळत नव्हतं, पण बंद हा शब्द तिला कळला असावा, आणि माझा चेहरा तर तिला पाठच होता. तिने कळशी खाली ठेवली, पदर नीट केला आणि पुढे आली.

"मीच टाकं, साहेब. बठ्ठासले सारखं टाकं. त्याना काही दोष नही."

सगळ्या ओळींना आपणच सारखं औषध टाकलं, असं अक्का सांगत होती. बांधावरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सरांनी वही काढली, लिहून घेतलं आणि मला म्हणाले, म्हणजे तुमची चूक नाही, पुढच्या हंगामात स्वतःच्या नजरेखाली पुन्हा करा. माझं नाव वाचलं.

आता इथे मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मला वाटलं, मी तीनदा विचारलं आणि ही तीनदा खोटं बोलली. मी काय म्हणालो ते जसंच्या तसं सांगतो. सगळ्यांच्या देखत म्हणालो, "तुझ्यासारख्या अडाणी बाईच्या भरवशावर राहिलो, इथेच माझं चुकलं."

अक्काने सरांना पाणी दिलं, मला दिलं, आणि बांधावरच्या माणसांनाही दिलं. मग कळशी उचलून गेली.

मी पत्र्याच्या खोलीतून माझी बाटली उचलली. अर्धी भरलेली होती. छातीशी धरून घेऊन आलो, इंजिनाच्या झाकणावर ठेवली आणि जळगाव गाठलं. ती अर्धी का होती, याचा विचार त्या प्रवासात माझ्या डोक्यात एकदाही आला नाही.

पुढच्या आखाजीला मी अक्काला आणायला गेलो नाही. बायको म्हणाली, जा. म्हटलं, मला परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत. त्या वर्षी आखाजीला माझ्याकडे तपासायला एकही पेपर नव्हता. नंतर कळलं, अक्काने पिशवी भरून ठेवली होती. दुपारच्या दोन्ही गाड्या येऊन गेल्या तरी ती ओट्यावरच होती. शेजारणीने विचारलं तर म्हणाली, भाऊला रजा मिळाली नसेल. पण गावाने तिचं बोलणं पहिल्यासारखं घेतलं नाही. अक्काने भावाचं शिक्षण बुडवलं आणि वर त्याला तीनदा नाही म्हणाली, ही बातमी गावात पोचली होती. त्या वर्षी बांधाचे वाद घेऊन तिच्या ओट्यावर कुणी आलं नाही.

इकडे मी कॉलेजच्या बागेला कुंपण घातलं. दाराला कुलूप, किल्ली माझ्या करदोट्याला. शेळ्या बंद, माणसं बंद. फवारणी मी स्वतः करायचो. औषध तेच, उरलेलं अर्धं. बारा ओळी, लाल चिंध्या, पांढऱ्या चिंध्या. आता बघतोच, म्हटलं.

तुळस वाढली. मी टेप घेऊन आत गेलो. पहिली ओळ मोजली, दुसरी मोजली. मग खाली बसलो.

बाराही ओळी सारख्या.

इथे अक्का नव्हती हो. इथे मी होतो, कुलूप होतं, आणि किल्ली माझ्या कमरेला होती.

आमच्या प्रयोगशाळेत सुपडू अण्णा म्हणून शिपाई होते, निवृत्तीला आलेले. मी टेबलाशी डोकं धरून बसलेलो बघून त्यांनी चहा आणला. बाटली हातात घेऊन उजेडात धरली आणि भीतभीत विचारलं, "सर, हे पाणी नासलं तर नसेल ना?"

मी त्यांना समजावलं. अण्णा, नासतं ते दूध. हे रसायन आहे, रसायन नासत नाही. अण्णा हो म्हणाले आणि बूच काढायला लागले, वास घेण्यासाठी. बूच निघेना. त्यांनी त्याभोवतीचा कागद हळूहळू सोडवला, टेबलावर सपाट केला आणि म्हणाले, इंग्रजी आहे, तुम्हीच वाचा.

दोन हंगाम मी ज्या कागदाने बूच घट्ट केलं होतं, त्यावर छापलेलं होतं: थंड जागी ठेवावे. पाण्यातले द्रावण दर वेळी ताजे करावे, उष्णतेने ते निकामी होते.

इंजिनाचं झाकण आठवलं, पत्रा आठवला. म्हणजे दोन वर्षं मी तुळशीला पाणी पाजत होतो, लाल चिंधीलाही आणि पांढरीलाही. जगात इतका सारखा वाढलेला प्रयोग दुसरा झाला नसेल.

आणि मग, फार उशिरा, बाटली दिसली. दोन हंगामांचं औषध, सहा ओळींच्या हिशेबाने. अक्काने बारा ओळींना टाकलं असतं तर पहिल्याच हंगामात बाटली रिकामी झाली असती. ती अर्धी उरली होती. अक्काने एक थेंब इकडचा तिकडे केला नव्हता. पुरावा मी माझ्याच छातीशी धरून घेऊन आलो होतो, आणि तिला शिव्या देऊन आलो होतो.

सुपडू अण्णांनी विचारलं, सर, चहा गार होतोय, दुसरा आणू का?

लोकांना मी सांगतो ती हकिकत इथे संपते. बुचाच्या कागदावर सगळे हसतात, टाळ्या देतात. पण आपण पुढे जाऊ.

तिसऱ्या वर्षी मी नवी कुपी मागवली, दर वेळी ताजं औषध केलं, विभागप्रमुखांच्या मुलीचं लग्न पंधरा वेळा ऐकलं. तुळशीने ऐकलं एकदाचं. लाल ओळी तरतरून वर गेल्या. पाला वाढला, म्हणून ओळीमागे तेलही वाढलं. पानामागे मात्र ते फारसं वाढलं नाही. निष्कर्ष मिळाला, फार मोठा नव्हे, पण पदवीपुरता पुरे.

प्रबंध लिहायला बसलो. कॉलेजच्या बागेतले आकडे मी सरांना दाखवलेच नव्हते. सर म्हणाले, पहिल्या हंगामात फरक का आला नाही, त्याचं कारण एका ओळीत लिहून टाका.

एक ओळ. काय लिहिणार होतो मी? औषध इंजिनावर तापवलं? सूचनेचा कागद बुचाला लावला? सरांना काय वाटलं असतं, परीक्षकांना काय वाटलं असतं? आणि शेजारच्या खोलीतला तो रसायनवाला तर आठवडाभर हसला असता. सरांच्या वहीत एक कारण आधीच लिहिलेलं होतं, आयतं. त्याला साक्षीदारही होते.

मी ते लिहिलं. इंग्रजीत लिहिलं की बरं दिसतं. एका निरक्षर शेतमजूर बाईच्या चुकीमुळे सर्व ओळींना औषध फवारले गेले, म्हणून पहिल्या हंगामाचे आकडे धरलेले नाहीत. बहीण असं लिहिलं नाही. आभाराच्या पानावर प्राचार्य आहेत, विभागप्रमुख आहेत, सुपडू अण्णासुद्धा आहेत. अक्का नाही. तिचे आभार मानले असते तर सरांनी विचारलं असतं, की जिने काम बिघडवलं तिचेच आभार कसे?

धुळ्याला पाचव्या गल्लीत बांधून घेतलं पुस्तक. काळा पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. पदवी मिळाली, पेढे वाटले, रसायनवाल्याच्या बायकोला आधी.

आणि आखाजी आली. या वेळी मी गेलो, मुराळी म्हणून, पुस्तक पिशवीत घालून. दोन वर्षं चुकली होती. वाटेत ठरवलं होतं, पाया पडायचं आणि सगळं सांगायचं. यष्टीत वाक्यंसुद्धा जुळवली होती.

अक्का ओट्यावरच होती. म्हातारी दिसायला लागली होती. मी पाया पडलो, म्हटलं, अक्का, त्या वर्षी तू खरंच... तिने मला पुढे बोलू दिलं नाही.

"जाऊ दे, भाऊ. तुनं तोंड दखी माले राहवनं नही त्या दिन. तू पास व्हयना ना?"

झालो म्हटलं. आणि माझी जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. तिने मला इतकं सहज सोडवलं, की मी सुटून घेतलं.

मग तिने पुस्तक बघायला मागितलं. हात धुऊन आली, पदराला पुसले आणि मांडीवर घेतलं. पानं उलटत राहिली. एका पानावर तुळशीचा फोटो होता, तो ओळखला. मग जरा लाजत विचारलं,

"यामा मनं नाव कोठे शे?"

मी पुस्तक हातात घेतलं. आभाराचं पान उघडलं, मिटलं. त्या एका ओळीशिवाय पुस्तकात तिचं काहीच नव्हतं. मी पहिल्या हंगामाचं पान काढलं, तिचं बोट धरलं आणि त्या निरक्षर शेतमजूर बाईच्या ओळीवर ठेवलं. काय लिहिलंय म्हणून विचारलं तिने. म्हटलं, लिहिलंय की अक्काशिवाय हे काम झालं नसतं.

तिने बोट उचललं नाही. डाव्या हाताने खूण करून मला आतून हळदीची वाटी आणायला लावली, आणि त्या ओळीला हळदीचं बोट लावून नमस्कार केला. दोनशे पानांत धडधडीत खोटं असं एकच वाक्य आहे, आणि हळद लागलेली आहे ती त्याला.

तीस वर्षं शिकवण्याचा धंदा केला मी, हजारो पोरांना. पण माझ्या बहिणीला वाचता येत नाही, याचं त्या दिवशी मला बरं वाटलं.